मधाचा फेरफार

परवा एका सेवापूर्तीच्या जेवणात रांगेत उभा होतो. ताटात अजून मीठ आणि लिंबाची फोड एवढंच पडलेलं. एक अनोळखी गृहस्थ शेजारी सरकले, इकडंतिकडं बघितलं आणि कानाशी लागून म्हणाले, "सर, मागं व्यवस्था हाय. तुमचं नाव सांगून ठिवलंय."

मागची व्यवस्था म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मंडपाच्या मागं, जनरेटरच्या पलीकडं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार, फरसाणाची फाडलेली पुडी आणि डिकी उघडी ठेवलेली एक गाडी. मी लातुरात पोरांना गणित शिकवतो. आजवर माझी बदनामी फार तर 'पेपर कडक तपासतात' इथवर गेली होती. आता मी यादीत आहे. ही यादी कोण ठेवतं कुणास ठाऊक, पण तिच्यात एकदा नाव चढलं की ते कमी करायला अर्जाचा नमुनासुद्धा मिळत नाही.

आणि हे सगळं कशापायी? मसाला घातलेल्या मधाच्या दारूच्या दोन घोटांपायी. एक थंड, एक गरम. प्यालो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. कशी लागली, हे एकानंही विचारलेलं नाही.

झालं ते येळवशीला. लातूर-धाराशिवबाहेरच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या ती वेळ अमावास्या, आमची येळवस. त्या दिवशी अख्खं लातूर कुलपं लावून रानात जातं. ज्याला शेत नाही तो शेतवाल्या मित्राला आदल्या आठवड्यापासून गोड बोलायला लागतो. गंजगोलाईच्या बाजारात कुत्रंसुद्धा सापडत नाही, कारण तेही कुणाच्या तरी मोटारसायकलीमागं रानात गेलेलं असतं. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग डाळीच्या पिठात रानातल्या साऱ्या शेंगा-भाज्या शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातली आंबील, जिथवर बसेल तिथवर.

सासुरवाडीचं रान औसा तालुक्यात आहे. तिथं यंदा माझा मेव्हणा पुण्याहून थर्माकोलची पेटी घेऊन आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याला छंद आहेत. एका वर्षी घरी पाव भाजायचा छंद होता. त्याआधी सायकलीचा, तेव्हा तो पुण्याहून पंढरपूरला सायकलवर गेला आणि परत टेम्पोत आला. यंदा मीड.

"दाजी, मधाची वाइन समजा," तो म्हणाला. आणि मग मी काही समजायच्या आत त्यानं कोपीच्या सावलीत व्याख्यान लावलं. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर, पाणी जेमतेम अठरा टक्के. एवढ्या दाट पाकात यीस्टचं काही चालत नाही, म्हणून बरणीतला मध वर्षानुवर्षं आंबत नाही. त्यात पाणी घालून पातळ केला आणि यीस्ट सोडलं की ते साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. इथिओपियात 'तेज' नावाची मीड गेशोची पानं घालून करतात. चीनमध्ये जियाहू नावाच्या ठिकाणी नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं यांच्या पेयाचे अंश सापडलेत. (तिथल्या माणसांचं पिणं उघडकीला यायला नऊ हजार वर्षं लागली. माझं त्याच दिवशी दिवेलागणीला आलं.) आणि पोलंडमध्ये म्हणे मधाला पाणी किती, यावरून प्रकार ठरतात. सगळ्यात भारी तो एका भाग मधाला अर्धा भाग पाणी. मग एकास एक, एकास दोन आणि सगळ्यात हलकी ती एकास तीन.

एकास तीन ऐकून मी मागं बघितलं. विहिरीवर सासरे पंप चालू करायला वीज कधी येते याची वाट बघत बसले होते. लातूरच्या माणसासमोर तीन भाग पाण्याचा विषय काढू नये. २०१६ च्या एप्रिलात आम्हाला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलंय. मांजरा धरण आटलेलं, पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर, आणि स्टेशनात गाडी शिरली तेव्हा आम्ही लोकं नवरदेव आल्यासारखी बघायला गेलो होतो. त्याच उन्हाळ्यात तेव्हाच्या औरंगाबादेत बिअरच्या कारखान्यांचं पाणी किती कापायचं, यावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात सुनावण्या चालल्या आणि कपातीचा आदेश निघाला. म्हणजे आदेश निघेपर्यंत तिकडं पाणी होतं. आम्ही घागरी घेऊन रांगेत उभं राहून वर्तमानपत्रात ते वाचत होतो. असो. मेव्हण्याचा यात दोष नाही. पण पाणी म्हटलं की माझी जीभ घसरते, तिला इलाज नाही.

पहिला घोट थंड होता. मेव्हण्यानं बाटली बर्फातून काढली, पुसली, आणि स्टीलच्या फुलपात्रात तळ झाकेल एवढी ओतली. "दाजी, लगेच गिळू नका. तोंडात फिरवा. नाकानं श्वास सोडा." शिवाय मोबाईलवर एक तक्ता उघडून माझ्यापुढं धरला. रंग, गंध, चव, अंग, शेवट. प्रत्येकाला दहापैकी गुण. मला आयुष्यभर दुसऱ्यांना गुण द्यायची सवय आहे, तरी 'अंग' या रकान्यात काय भरायचं ते कळेना. शेजारी मेहुणी उंडे मोडत बसली होती, तिनं वाकून वाचलं आणि तोंडाला पदर लावला.

तर चव. आता मी सांगतोच. रंग फिकट सोनेरी, स्वच्छ, स्टीलमध्ये असून छान दिसत होता. वासाला जवळजवळ काहीच नाही. जिभेवर पहिल्यांदा आली ती आंबूस धार, बारीक. मग लवंग. लवंगेनं जिभेचं टोक हलकं बधिर केलं आणि बाकीच्यांना पुढं येऊच दिलं नाही. दालचिनी होती म्हणे, संत्र्याची साल होती म्हणे. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभे केलेले चुलते असतात ना, तसे सगळे मसाले हजर होते आणि तोंड कुणाचंच दिसत नव्हतं. गोडी अगदी शेवटी आली, घोट गिळून झाल्यावर, आणि मध असा त्या गोडीतच थोडासा सापडला. मेव्हण्याचं म्हणणं, गारव्यानं वास दबतो आणि गोडीही कमी लागते, म्हणून दुसरा घोट गरम घ्यायचा. हे त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. इथवर सगळं ठीक होतं.

गरम करायला त्यानं तीन दगडांची चूल मांडली, त्यावर पातेली ठेवली आणि खाली तुराट्या सारल्या. तुराटीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे तो असं नाजूक काम तुराटीवर करणार नाही. ती धुमसत नाही, भडकते. एका क्षणी जाळ नाही, दुसऱ्या क्षणी भुवया नाहीत. मेव्हण्यानं खिशातून तापमापक काढला. साठ-पासष्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण निव्वळ अल्कोहोल अठ्ठ्याहत्तरलाच उकळतं आणि उडायला तर त्याआधीच लागतं. तो पातेलीत कांडी धरून वाकलेला, मी तुराट्या मागंपुढं ओढतोय, काटा चाळीसवरून एकदम सत्तरला, मेव्हणा ओरडतोय, "दाजी, ओढा! ओढा!" आणि नेमके त्याच वेळी बायकोचे मामा आले.

मामा निवृत्त तलाठी आहेत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण सातबारा काही त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. नातवंडं किती, असं विचारलं तर 'दोन खातेदार' म्हणतात. मामी रागावली की 'हद्द कायम झाली' म्हणतात.

"काय तापवूलालाव, पाव्हणं?"

मी मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हणा सरळ माणूस. "मीड आहे, मामा. मधाची दारू."

मी डोळे मिटून घेतले. सणाचा दिवस, कोपीत पांडव मांडलेले, आणि हा बाबा दारू म्हणाला. मनातल्या मनात मी उत्तरं जुळवायला लागलो. पण मामांचा पारा भलत्याच शब्दावर चढला होता.

"मध? मध तापवूलालाव? चुलीवर?"

"दारू आहे ती, मामा," मी मदतीला म्हणालो. उलट्या दिशेनं का होईना, विषय सुटावा म्हणून.

"दारू आसू द्या की ओ. दारू मानूस पितोच. पन मध तापवत्यात का कुनी? आयुर्वेदात सांगितलंय. तापला की ते ईष. आन् मध-तूप सारख्या वजनानं घेतलं तरी ईष. हितं कुठं तूप तर नाही ना?"

तूप खिरीत होतं. मामांनी खिरीचं पातेलं दोन हात लांब सरकवायला लावलं.

"पण मामा," मेव्हणा पुण्याच्या शांतपणानं म्हणाला, "यात मध आता उरलेलाच नाही. त्यातली साखर यीस्टनं खाल्ली आणि तिचं अल्कोहोल झालं."

मामा थांबले. खाली बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. हा माणूस असा पुसत बसला की समोरचा शेतकरी घाबरायचा, असं सासरे सांगतात.

"म्हंजी फेरफार झाला म्हन."

"हो. तसंच."

"नोंद कुठंय?"

"कसली नोंद?"

"फेरफाराची. मधाचं नाव कमी करून दारूचं लावलं, त्याची. बाटलीवर काय लिव्हलंय वाच बरं."

मेव्हण्यानं बाटली फिरवली. "मध, पाणी, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, यीस्ट."

"बग! कब्जेदार सदरी पयलं नाव मधाचं. दारूचं नाव कुठंच नाही. आसलंच तर इतर हक्कात. म्हंजी मूळ मालक जित्ता हाय. जित्त्या मानसाचा वारसा लावूलालास व्हय रे?"

"मामा, सगळी साखर नाही खाल्ली यीस्टनं. थोडी राहिलीय, म्हणून तर गोड लागते."

मेव्हण्यानं हे बोलायला नको होतं. मामांनी मांडीवर थाप मारली. "मंग सहहिस्सेदार! मधाचा हिस्सा शाबूत हाय. त्याच्या संमतीबिगर तापवता येत नाही."

"अहो, विषबिष काही होत नाही. मध तापवला की हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युराल नावाचं द्रव्य वाढतं, एवढंच. त्यालाही कायद्यानं मर्यादा आहे, किलोमागं ऐंशी मिलिग्रॅम."

"म्हंजी हाय की ईष! ऐंशी मिलिग्रॅम पोटखराबा."

पोटखराबा म्हणजे सातबारातली पीक न घेता येणारी जमीन. यावर मेव्हण्याला काही बोलता येईना. पुण्यात पोटखराबा चालत नाही, तिथं सगळी जमीन बिगरशेती असते. मी मात्र मनातून दाद दिली. इतक्या जागेवर बसलेला पोटखराबा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

पण मामा आता चौकशीत शिरले होते. "मध खरा हाय कशावरनं?" पारध्यांकडून, एसटी स्टँडावर बादलीत पोळं दाखवून मध विकणाऱ्यांकडून मामांनी उभी हयात गुळाचं पाणी विकत घेतलंय, त्यामुळं हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा. त्यावर त्यांच्याकडं खात्रीची कसोटी आहे: खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही. लगेच रानातलं कुत्रं बोलावलं गेलं. त्याच्यापुढं माझं फुलपात्र धरलं. (माझंच का? बाकी पाच होती.) कुत्र्यानं वास घेतला, शिंकलं आणि उंडे होते तिकडं गेलं.

"खरा हाय," मामा म्हणाले.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातल्या तेरा ब्रँडचे मध तपासले, जर्मनीतल्या प्रयोगशाळेपर्यंत पाठवले, आणि साऱ्या कसोट्यांना उतरले ते तीनच. एवढ्या लांब नमुने पाठवायचा खर्च झाला. औशाला कुणी विचारलं असतं तर आमचं कुत्रं येळवशीच्या दिवशीसुद्धा मोकळं होतं.

"आता ऐका," मामांनी निकाल द्यायला सुरुवात केली. "मध खरा, हे सिद्ध झालं. फेरफार धरला, तरी नोंद मंजूर नाही. नमुना नऊच्या नोटिसा काढायच्या. हरकतीला पंदरा दिवस. हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी मंजूर करत्याल, मंग खुशाल तापवा."

"मंडळ अधिकारी कोण?"

"मीच. अतिरिक्त कार्यभार."

इकडं पातेली खाली उतरवलेली होती. मेव्हण्यानं माझ्या धुतलेल्या फुलपात्रात गरम मीड ओतून ठेवली होती, आणि पंधरा दिवसांत ती गार होणार हे कळायला गणिताचा मास्तर लागत नाही. मामांची पाठ माझ्याकडं होती. मी पात्र उचललं.

आणि ही मात्र चांगली होती हो. खरंच चांगली. ओठाला लागायच्या आधीच वाफेवर दालचिनी आली. तिच्यामागं संत्र्याची साल, सोलताना बोटांना उडते तशी, तिखट-कडसर. थंड घोटात अख्खी जागा अडवून बसलेली लवंग आता गपगुमान मागं गेली होती. अल्कोहोलची वाफ नाकात थोडी टोचली, डोळ्यांच्या कडा ओलावल्या. मग गोडी, या खेपेला सुरुवातीलाच, दाट, आणि त्या गोडीत कुठल्यातरी फुलांचा वास, जो मला ओळखता येईना. आमच्या शिवारात चहूकडं सोयाबीन झाल्यापासून फुलांचे वास ओळखायची सवय गेलीय. लहानपणी करडई-सूर्यफुलाच्या रानातून चालताना माश्यांचा आवाज यायचा, तो हल्ली येत नाही. घोट छातीपर्यंत ऊन ऊन उतरत गेला. सकाळपासून रानातला गारठा हाडात बसला होता, तो जरा सैल झाला. 'अंग' या रकान्यात काय भरायचं ते मला त्या क्षणी समजलं आणि मी मोबाईल शोधायला मान वळवली.

तेवढ्यात मामांनी मागं बघितलं.

"पाव्हण्यानं वहिवाट सुरू केली!"

मामांचा आवाज म्हणजे दवंडीचा आवाज. वसुलीच्या काळात त्यांनी तो कमावलेला आहे. तो पलीकडच्या तुरीच्या रानापर्यंत गेला, आणि तिथं येळवशीला जमलेल्या पंगतीला जेवढा ऐकू आला तो असा: "पाव्हण्यानं... सुरू केली!" मधला शब्द वाऱ्यानं खाल्ला. मी दचकून उठलो, ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि हातातल्या पात्रासकट हरभऱ्यात आडवा झालो.

पलीकडच्या पंगतीनं एवढं बघितलं. पाव्हण्यानं सुरू केली आणि पाव्हणा पडला. यात गाळलेल्या जागा भरायला काय वेळ लागतो?

"अहो, उठा की! लोकं बघूलालेत," बायको म्हणाली. उठलो. डिसेंबरातल्या हरभऱ्यावर आंब असते. पँट गुडघ्यापासून भिजून चिकट झालेली, अंगाला आंबट वास. तो वास हरभऱ्याचा आहे, हे मी नंतर ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकानं फार समजूतदारपणे मान हलवली. ठिबकच्या नळीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. ती नळी अजून तिथंच आहे, उघडी, बांधाच्या कडेला. तिच्यावर कुणी चर्चा करत नाही.

मामांनी मग जप्ती केली. पातेल्यातली तापलेली मीड बांधावर ओतायला लावली. मुंग्यांनी काही हरकत घेतली नाही. उरलेली बाटली 'नग एक, अंदाजे पाऊण भरलेली' असा पंचनामा सासऱ्यांच्या दूध-हिशेबाच्या वहीमागं लिहिला, मेव्हण्याची आणि सालगड्याची पंच म्हणून सही घेतली आणि बाटली ताब्यात ठेवली. मग माठाजवळ बसून दोन तांबे आंबील प्यायले आणि बाभळीखाली घोरायला लागले.

मला राग याचा आहे. आंबील म्हणजे काय? ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, रात्रभर माठात आंबवलेलं. गारेगार. पिऊन दुपारी अख्खं शिवार असं आडवं होतं की पांडवांखेरीज जागं कुणी राहत नाही. तिला कुणी काही म्हणत नाही, आणि म्हणूही नये, मीही तीन तांबे प्यालो. पण बाभळीखाली चादर पसरून घोरणारा माणूस सणाला जेवलेला, आणि हरभऱ्यात आडवा झालेला माणूस पिऊन पडलेला? आडवं होण्याची जागा चुकली, एवढाच माझा गुन्हा?

लातूरला पोचायच्या आत माझ्या आईचा फोन आला. तिला निलंग्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. औशात झालेली गोष्ट निलंग्याला जाऊन लातूरला आली, तीही मी रस्त्यात असताना. आमच्याकडं पाणी येत नाही त्या वेगानं बातमी येते.

शाळेत तर बोलायची सोयच राहिली नाही. गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यात दूध-पाण्याचं मिश्रण असतं. मी फळ्यावर 'दूध आणि पाणी यांचं प्रमाण' एवढंच लिहिलं होतं, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मध घ्या की." अख्खा वर्ग हसला. कोण ते मी बघितलं नाही, कारण बघून करणार काय? पालकांना बोलावलं असतं तर पालक येऊन सहानुभूतीनं विचारणार, "सर, कुठं मिळती ती?"

आणि ते सेवापूर्तीवाले गृहस्थ. मी त्यांना म्हणालो, "तुमचा गैरसमज झालाय, मी घेत नाही." तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हाव की सर, आमी बी घेत नाही. या पाठीमागनं." या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून कायदा म्हणून चालू आहे. परवान्याशिवाय पिता येत नाही, आणि ज्यांनी परवाना काढलाय असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. सगळे पाठीमागं बसतात, तोंडाला बडीशेप लावून पुढं येतात आणि पंक्तीत भातावर वरण मागतात. त्यांच्याविषयी कुणाच्या आईला निलंग्याहून फोन जात नाही. मी उन्हात, सासऱ्यांसमोर, स्टीलच्या फुलपात्रातून, तक्ता भरण्यासाठी प्यालो. मला वाटतं लोकांना तो तक्ताच सहन झाला नाही. माणसानं दारू प्यावी, फार तर पडावं, पण तिला गुण देऊ नयेत.

मेव्हण्यानं पुण्याला गेल्यावर निरोप पाठवला: "दाजी, गरमचा तक्ता अर्धवट राहिला." मी पाठवून दिला. गंध नऊ, चव आठ, अंग नऊ. 'शेवट' या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून हरभरा लिहिला.

काल मामांचा फोन आला.

"पाव्हणं, पंदरा दिस झाले. हरकत आलीय."

"कुणाची?"

"तुमच्या मामीची. ती म्हनूलालीय, पंचनाम्यात पाऊन लिव्हलंय आन् बाटलीत पाव हाय."

"मग?"

"मंग काय? तूट हाय ती. बाष्पीभवन. मांजऱ्यात होतंय, बाटलीत व्हायला काय झालं?"

मी जरा थांबून विचारलं, "मामा, बाष्पीभवन थंड झालं का गरम?"

"थंडच की ओ," मामा म्हणाले. "मध तापवत्यात व्हय कुनी? पन लवंग लई झालीय बगा त्याच्यात."